पुण्यात गाडी न काढता: मेट्रो, पीएमपी, सायकल आणि पायी प्रवासाचं परीक्षण

पुण्यात रिक्षाने २ किलोमीटर गेलं की मीटरवर ३३-३४ रुपये होतात. पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७. मेट्रोचं सगळ्यात महाग तिकीट ३५ रुपयांचं आहे आणि त्यात वनाजहून पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर जाता येतं. तेवढंच अंतर रिक्षाने कापलं तर साडेतीनशेच्या वर पैसे जातात. थोडक्यात, मधला लांब पल्ला आता स्वस्त आणि सोपा झाला आहे. महाग आणि अवघड राहिला आहे तो घर ते स्थानक आणि स्थानक ते ऑफिस हा तुकडा. पुढचं परीक्षण याच नजरेने केलं आहे, कारण बहुतेक लोक मेट्रोचा नकाशा बघून खूश होतात, चार दिवस दोन्ही टोकांना रिक्षा करतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा स्कूटरला किल्ली लावतात.

मेट्रो

६ मार्च २०२२ ला वनाज–गरवारे कॉलेज आणि पिंपरी–फुगेवाडी असे दोन सुटे तुकडे सुरू झाले, तेव्हा मेट्रो ही हौसेने बसून येण्याची गोष्ट होती. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकत्र आल्या, मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत गाडी गेली. खरी रोजच्या कामाची झाली ती तेव्हापासून. सकाळी ६ ते रात्री ११ अशी वेळ, ३ डब्यांची गाडी, गर्दीच्या वेळी ६-७ मिनिटांनी आणि एरवी १० मिनिटांनी. पिंपरीहून स्वारगेट साधारण ३५ मिनिटं. संध्याकाळी ६ वाजता हाच रस्ता चारचाकीने ३५ मिनिटांत कापून दाखवणं कोणालाही कठीण आहे.

वेळेच्या बाबतीत मेट्रोला पूर्ण गुण. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलण्याच्या बाबतीत मात्र नाही, आणि हे आधी समजून घेतलेलं बरं. वनाज–रामवाडी गाडी तिथे उंचावरच्या फलाटावर थांबते. पिंपरी–स्वारगेटचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. त्यापुढे बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना एकामागून एक सरकते जिने लागतात. धडधाकट माणसाला ६ ते ८ मिनिटं. लिफ्टनेच जावं लागणाऱ्यांनी १० धरावीत, कारण लिफ्टही टप्प्याटप्प्याने बदलावी लागते आणि गर्दीच्या वेळी पहिल्या फेरीत जागा मिळेलच असं नाही. त्यात पुढच्या गाडीची वाट बघण्याची ५-६ मिनिटं मिळवली की गाडी बदलण्याचा खर्च पाव तासाच्या घरात जातो. लांबच्या प्रवासात तो झाकला जातो. वनाज ते पिंपरी सगळं धरून तासाभरात होतं, हे उत्तमच आहे.

जवळच्या प्रवासात तो झाकला जात नाही. नळ स्टॉपहून मंडईला जायचं असेल तर नकाशा सांगतो की जिल्हा न्यायालयाला जाऊन मागे या. तसं करून सगळं मिळून अर्धा तास लागतो. त्याऐवजी डेक्कनला उतरून लकडी पूल ओलांडला, अलका चौकातून लक्ष्मी रस्ता धरला की २५ मिनिटांत चालत तुळशीबाग. वेळ तेवढाच, आणि खोल स्थानकातून वर येण्याची कटकट नाही. उलट पिंपरी, कासारवाडी, दापोडीकडून येणाऱ्यांसाठी मंडई स्थानक म्हणजे मोठीच सोय आहे: गाडी बदलायची नाही, पार्किंग शोधायचं नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या खरेदीसाठी पुणेकरांना यापेक्षा चांगलं साधन आजवर मिळालेलं नाही. गणेशोत्सवात मात्र मंडईच्या सरकत्या जिन्यांवर माणसं तुंबतात. त्या दिवसांत कसबा पेठेला उतरून चालत गेलेलं बरं.

तिकिटाचं: शनिवार-रविवारी सर्वांना ३० टक्के सवलत आहे, पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना इतर दिवशीही ३० टक्के, आणि मेट्रोचं 'एक पुणे' कार्ड वापरलं तर कामाच्या दिवशी १० टक्के. कार्डाचा खरा फायदा सवलतीपेक्षा वेगळा आहे. कागदी तिकिटाचा क्यूआर चुरगळला किंवा घामाने पुसट झाला की बाहेर पडताना फाटक उघडत नाही आणि खिडकीवर जावं लागतं. मोबाइलवरच्या तिकिटात चार्जिंग संपण्याचा धोका. रोज जाणाऱ्याने कार्डच घ्यावं.

आणखी एक उपयोग फार थोड्यांना सुचतो. रस्त्याच्या वर असलेल्या स्थानकांत फाटकाच्या अलीकडचा भाग सर्वांना मोकळा असतो. कर्वे रस्ता किंवा पौड रस्ता ओलांडायला सिग्नल, झेब्रा काहीच धड नसेल तर एका बाजूच्या जिन्याने किंवा लिफ्टने वर जाऊन दुसऱ्या बाजूला उतरावं. तिकीट लागत नाही. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना हा वळसा वाहनांच्या लोंढ्यात हात दाखवत शिरण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

पीएमपी

मेट्रो दोन रेघांवर धावते. शहर त्या रेघांवर वसलेलं नाही. कात्रज, हडपसर, कोंढवा, सिंहगड रस्ता, वारजे इथल्या माणसाला आधी पीएमपी, म्हणजे शहर बसच लागते, म्हणून तिचं परीक्षण जास्त कसून करायला हवं. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून २००७ मध्ये ही कंपनी झाली आणि दोन्ही शहरांच्या पलीकडे, गावांपर्यंत तिच्या गाड्या जातात. पोहोच हे तिचं बळ. वेळ ही तिची दुखरी बाजू.

१ जून २०२५ पासून भाड्याचे टप्पे बदलले. ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३०, २० पर्यंत ४०. पूर्वीचं पाच रुपयांचं तिकीट गेलं, त्यामुळे एका-दोन थांब्यांसाठी बस आता महाग वाटते, आणि आहेच. दर वेळी गाडी बदलली की नवं तिकीट लागतं, आणि इथे हिशेब करून चढायला हवं. १२ किलोमीटरचा थेट प्रवास ३० रुपयांत होतो. तोच ६ आणि ६ असा तोडला तर २० आणि २० मिळून ४०. पण ४ आणि ८ असा तोडला तर १० आणि २० मिळून पुन्हा ३०च. म्हणून गाडी कुठे बदलायची हे ठरवताना पहिला किंवा दुसरा तुकडा ५ किलोमीटरच्या आत बसतो का, एवढं बघावं. बदलण्याचा थांबा एक-दोन चौक अलीकडे घेतला की रोजचे २० रुपये वाचू शकतात.

दैनिक पास ७० रुपयांचा आहे आणि दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालतो. दिवसात ४ वेळा २०चं तिकीट काढावं लागणार असेल तर तो फायद्याचा. जाताना एक आणि येताना एक बस असेल तर नाही. मासिक पास १,५०० रुपये. रोज ४० रुपये लागत असतील तर महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांचे हजारच होतात, मग पास कशाला? रोज ६० लागत असतील तर २५ दिवसांत बरोबरी होते आणि रविवारचं फिरणं फुकट पडतं.

बस वेळेवर का येत नाही, याचं उत्तर फक्त वाहतूककोंडी असं नाही. एक बस पाच मिनिटं उशिरा आली की थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात, चढा-उतरायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती झपाझप पुढे येऊन पहिलीला गाठते. मग २५ मिनिटं काही नाही आणि नंतर एकाच नंबरच्या दोन गाड्या एकामागे एक, पहिली खचाखच भरलेली आणि दुसरी अर्धी रिकामी. हे कळलं की काय करायचं तेही कळतं: पहिली भरलेली असेल तर 'आपली पीएमपीएमएल' ॲपमध्ये मागची गाडी कुठे आहे ते बघा आणि दोन मिनिटांवर असेल तर पहिली सोडा. हे ॲप २०२४ मध्ये आलं. त्यात गाडी नकाशावर दिसते, तिकीट आणि पास काढता येतो, मेट्रोचं तिकीटही निघतं. नकाशावरचं ठिपकं कधी मिनिटभर मागे असतं. म्हणून ठिपकं थांब्यापासून ५०० मीटरवर असतानाच थांब्यावर उभं असायला हवं.

नवख्यांसाठी काही खुणा. पाटीवरचे आकडे आणि अक्षरं मराठीत असतात. सोबत परप्रांतातले मित्र असतील तर त्यांना देवनागरी आकडे आधी शिकवा. मागच्या दाराने चढायचं, पुढच्याने उतरायचं. डावीकडची आसनं महिलांची. काही बीआरटी (बससाठी राखीव लेनच्या) मार्गांवर थांबा रस्त्याच्या मधोमध असतो आणि गाडीचं उजवीकडचं दार उघडतं. अशा ठिकाणी फूटपाथवर उभं राहून हात दाखवण्यात अर्थ नाही. कंडक्टरकडे क्यूआर असतो, त्यामुळे सुट्ट्यांचं भांडण बरंच कमी झालं आहे. तरी दहाच्या दोन-तीन नोटा जवळ असू द्या, कारण गर्दीत मोबाइलला रेंज नसली की रांग अडते. दर महिन्याच्या ८ तारखेला खास महिलांसाठीच्या तेजस्विनी बसमध्ये तिकीट लागत नाही.

सायकल

या शहराला सायकलींचं शहर म्हणत, हे आता जुन्या फोटोंतच दिसतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं होतं. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही आल्या. दोनेक वर्षांत त्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. त्यामुळे आज सायकल म्हणजे स्वतःची सायकल, आणि सायकल मार्ग म्हणजे तुकडे.

तरीही मेट्रोचं दोन्ही टोकांचं दुखणं बरं करणारं सायकलीइतकं प्रभावी दुसरं काही नाही. १३ मिनिटांत माणूस १ किलोमीटर चालतो. तेवढ्याच वेळात सायकल शांतपणे ३ किलोमीटर जाते. अंतर तिप्पट झालं की स्थानकाभोवतीचं आवाक्यातलं क्षेत्र नऊपट होतं. कर्वेनगरहून नळ स्टॉप चालायला लांब आणि बसला गर्दीचं, पण सायकलने साधारण पाव तासाचं काम आहे.

मोठ्या रस्त्यावरून जाण्याचा हट्ट धरू नये. डेक्कन ते लॉ कॉलेज रस्ता या टप्प्यात कर्वे रस्त्याऐवजी प्रभात रस्ता किंवा भांडारकर रस्ता घ्यावा. अंतर जवळपास तेच, झाडांची सावली आणि बसचा धूर नाही. जिथे सायकल मार्ग आहे तिथेही तो वापरावाच असं नाही. हे मार्ग बहुतेक ठिकाणी फूटपाथच्याच पातळीवर, इंटरलॉकिंग ब्लॉकचे केलेले आहेत. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी मार्ग खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. मध्येच बसथांबा, विजेची पेटी, उभी केलेली स्कूटर. आणि चौकाच्या २०-३० मीटर आधी, म्हणजे जिथे संरक्षणाची सर्वात जास्त गरज आहे तिथे, तो संपतो. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्याने अशा मार्गावरून उतरून डाव्या लेनमध्ये, कडेपासून मीटरभर आत चालवावी. अगदी कडेला चिकटून चालवली की उभ्या गाडीचं दार उघडतं आणि चेंबरच्या झाकणांची रांगही तिथेच लागते.

सायकल कोणती? गिअर लागतातच. कात्रज, चांदणी चौक, कोंढवा, पाषाण यांच्या दिशेला गेलं की चढ आहे, आणि पुढचं चक्र मागच्याच्या अडीचपट दातांचं असलेली साधी सायकल तिथे हातात धरून चालवावी लागते. पुढे ३८ दात आणि मागे १४ ते २८ असा सात गिअरचा संच पुण्याला पुरतो. टायर ३८ ते ४० मिलिमीटर रुंद. ७० किलोच्या माणसाने पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय हवा ठेवावी. बारीक टायर ८० पीएसआयला भरून नेला तरी खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. दोन भोकांचं पंक्चर दिसलं की समजावं, खिळा नाही, हवा कमी होती किंवा टायर बारीक आहे. व्हॉल्व मोटरसायकलसारखा असेल तर कुठल्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते, फक्त त्याच्या यंत्राचा झोत जोरात असतो, म्हणून थोडी थोडी भरायला सांगावं.

मेट्रोत सायकल नेता येते. पहिल्या दिवसापासून ही सोय ठेवली आहे आणि तिचं मनापासून कौतुक. पण ३ डब्यांच्या गाडीत सकाळी साडेनऊला पूर्ण आकाराची सायकल घेऊन शिरणं इतरांच्या पायांवर अन्याय आहे. गर्दीच्या वेळी घडीची सायकल न्यावी. २० इंची चाकांची घडीची सायकल १२ ते १४ किलोची असते, घडी घातल्यावर साधारण ८० बाय ६० सेंटिमीटर होते. सरकत्या जिन्यावर ती नेऊ नये. मागे निसटली तर खालच्या माणसाच्या अंगावर जाते. लिफ्ट वापरावी. आणि घडी घालताना साखळीची बाजू आत येते की बाहेर, हे विकत घेण्यापूर्वी दुकानात तपासावं. बाहेर येत असेल तर डब्यातल्या कोणाच्या तरी पॅंटला तेल लागणार हे नक्की.

घडीची नको असेल तर स्थानकापाशी लावून जावं. इथे सेवेला कमी गुण द्यावे लागतात. बऱ्याच स्थानकांखाली दुचाकींची एवढी दाटी असते की सायकल लावली तरी संध्याकाळी ती चार स्कूटरींच्या मागे अडकलेली असते. एका चारचाकीच्या जागेत दहा सायकली मावतात. छप्पर असलेला, फ्रेम बांधता येईल असा लोखंडी कठडा प्रत्येक जिन्याजवळ द्यायला फार खर्च येत नाही. तोवर उपाय असा: यू आकाराचं कुलूप घ्यायचं, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात घ्यायचं, आणि सायकल सुरक्षारक्षकाच्या नजरेतल्या खांबाला लावायची. तारेचं कुलूप साध्या कटरने तुटतं. स्थानकासाठी महागडी सायकल वापरूच नये. जुनी, गंजकी दिसणारी पण ब्रेक चांगले असलेली सर्वात उत्तम.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. रिमवर घासणारे ब्रेकशू ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतात, पकड नंतर येते. म्हणून सिग्नलच्या आधी हलकेच ब्रेक दाबून रिम कोरडी करत यावं. रंगवलेले पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि खोदकामावर टाकलेले पत्रे यांवरून जाताना हँडल वळवायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, सरळ जायचं. साचलेल्या पाण्यात कधीच शिरू नये. खाली झाकण आहे की नाही हे वरून दिसत नाही. दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेत, नाहीतर ऑफिसला पोचल्यावर पाठीवर चिखलाची रेघ दिसते. साखळीला आठवड्यातून एकदा तेल, आणि तेल लावल्यावर फडक्याने वरचं पुसून घेणं. न पुसलेलं तेल माती धरतं आणि साखळी झिजते.

पायी

चालण्याबद्दल थोडक्यात. जंगली महाराज रस्त्याचा नव्याने बांधलेला फूटपाथ रुंद, सपाट आणि बसायला जागा असलेला आहे. असा फूटपाथ या शहरात होऊ शकतो याचा तो जिताजागता पुरावा. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवतात. त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर घेऊन जावं. उरलेल्या शहरात फूटपाथ दर पन्नास पावलांवर तुटतो आणि गर्दीच्या वेळी त्यावर दुचाकी चढतात. रस्ता ओलांडायचा तो डावीकडे मोकळं वळण असलेल्या चौकात नाही, त्याच्या ५० मीटर अलीकडे दुभाजकात फट असेल तिथे. कारण चौकात सिग्नल लाल असला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत.

कोणी काय करावं

पिंपरी, कासारवाडी, दापोडी ते शिवाजीनगर, पेठा, स्वारगेट, किंवा कोथरूड, एरंडवणे ते पुणे स्टेशन, बंडगार्डन, कल्याणीनगर: या पट्ट्यांत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसाला रोज गाडी काढण्याचं कारण उरलेलं नाही. पैशांचं मात्र खरं सांगायला हवं. एकट्या माणसाची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर रोजच्या २० किलोमीटरला पेट्रोल ४५-५० रुपयांचं लागतं. मेट्रोचं जाऊन-येऊन तिकीट त्याच घरात आहे. बचत होते ती पार्किंग, दुरुस्ती, हप्ते आणि पाठीचं दुखणं यांत. चारचाकी असेल तर बचत पहिल्या दिवसापासून आहे.

स्वारगेटच्या दक्षिणेला, कात्रज-धनकवडीला राहणाऱ्यांनी पीएमपीने स्वारगेटला यावं आणि पुढे मेट्रो धरावी. तिथे बस, एसटी आणि मेट्रो एकाच चौकाभोवती आहेत. हडपसर, कोंढवा, सिंहगड रस्ता इथून मात्र आज थेट बस असेल तरच हे जमतं. दोनदा बस बदलून मग मेट्रो असा प्रवास रोज करण्यासारखा नाही, तो करा असा सल्ला देता येणार नाही. अशांनी आठवड्यातले दोन दिवस निवडावेत, ज्या दिवशी ऑफिसची वेळ मागेपुढे चालते, आणि सकाळी साडेआठच्या आधीची बस धरावी. साडेनऊच्या बसपेक्षा ती किमान वीस मिनिटं आधी पोचवते आणि बसायला जागाही मिळते.